गोदावरीबाईचं एकतीस मीटर कापड

मनकर्णेचं नाव निघालं की माझं डोकं आजही तापतं. म्हणून आधीच सांगून ठेवते, या गोष्टीत मी काही पंच नाही. मी गोदावरीबाईच्या बाजूची. आंधळगावात आमची घरं समोरासमोर, मधे एक नाली, आणि वीस वर्षांत आमचं दोघींचं एकदाही वाजलं नाही. माझ्यासारखीशी ज्या बाईचं वाजत नाही ती बाई कशी असेल ते तुम्हीच समजा.

ती धनीरामकाकांची बायको. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी. तलावाच्या पाळीखाली त्यांच्या धानाच्या चार बांध्या. रोवणा म्हणजे लावणी झाली की बाई मोकळी, चुरणा म्हणजे मळणी झाली की पुन्हा मोकळी, आणि मोकळी झाली की मांडीवर गोधडी. गावात जुनं लुगडं कोणी फेकत नसे, बाईला नेऊन देत असे. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्यांचे चार थर आत, वर रंगीत तुकड्यांची नक्षी, आणि तांदळाएवढा टाका. जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरांपर्यंत तिच्या गोधड्या गेल्या होत्या. तिकडच्या बाया फोन करून सांगायच्या, थंडीच्या आधी एक पाहिजे म्हणून.

मनकर्णा तिच्याकडे शिकायला आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. दोन वर्षं बाईनं तिला बाजूला बसवून शिकवलं. चहा पाजला, जेवू घातलं. आणि ही खाल्ल्या घरचे वासे मोजणारी निघाली. क्वार्टरातल्या बाया गोदावरीबाईलाच विचारतात, मला कोणी विचारत नाही, ही तिची पोटदुखी. मग तिनं जे केलं, ते करायला माणसाला लाज सोडावी लागते.

आमच्याकडे बाई मेली की सोयरे तिच्या अंगावर लुगडी टाकतात. ती लुगडी घाटावरच राहतात. त्यांना कोणी हात लावत नाही, लावू नये. मनकर्णेनं एका सकाळी नळावर घागर भरता भरता हळूच सोडून दिलं, "गोदावरीबाई घाटावरचे लुगडे उचलते व बाई. गोदडीत भरून देते लोकायले."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! आठ दिवसांत गावभर झालं. आणि तेव्हाच मंगरूची माय वारली होती, म्हणजे घाटाची गोष्ट सगळ्यांच्या तोंडी होतीच.

संक्रांतीचं हळदीकुंकू आनंदाबाईच्या घरापुढच्या छपरीत होतं. आनंदाबाई म्हणजे आमच्या बचत गटाची अध्यक्ष, गावात तिचा शब्द चालतो. मी अन् मनकर्णा धरून सतरा बाया होत्या. गोदावरीबाईही आली होती, माझ्याच बाजूला बसली होती, ओटीत वाण घेऊन. आनंदाबाईनं घरातून स्वतःची गोधडी आणली. गोदावरीबाईनंच शिवून दिलेली. मधोमध टाकली, ब्लेड मागवलं आणि म्हणाली, "हाताच्या कांकणाले आरसा कायले? पाहूनच टाकू."

टर्र टर्र करत दोन्ही बाजू उसवल्या तिनं. आतून हिरवं लुगडं निघालं. "अगे माय, हे तं मंगरूच्या मायचं!" कोणीतरी ओरडलं. झालं. गोधडीतून साप निघाल्यासारख्या बाया मागे सरकल्या. गोदावरीबाई उभी राहिली. "तिनं सोताच्या हातानं देल्लं मले," एवढंच म्हणाली. कोणी ऐकलं नाही. ती पुन्हा म्हणाली, तरी कोणी ऐकलं नाही. मग तिनं वाण खाली ठेवलं आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून लोक गोधड्या तिच्या दारात आणून टाकू लागले. टाकू लागले म्हणते मी, ठेवू नाही. क्वार्टरातले फोन बंद झाले, कारण तिकडेही मनकर्णेनं खबर पोहोचवली होती, वरून आपला नंबर देऊन. आयत्या पिठावर रेघोट्या! धनीरामकाका म्हणाले, जाऊ दे, लोक विसरतात. बाई म्हणाली, "लोक विसरन. मी नाई विसरन." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जिनं हे पेरलं, तिच्याच तोंडून, त्याच छपरीत, त्याच सतरा बायाइसमोर हे वापस घेवाले लावतो. तवर जुनी चिंधी हातात नाई धरत मी."

अशी शपथ घेतली तर खरी. पण जुनं लुगडं हातात धरायचं नाही म्हटल्यावर गोधडी शिवायची कशाची? नव्या कापडाची. सगळंच नवं, वरचं, आतलं, खालचं. गिऱ्हाईकाला पावती दाखवता आली पाहिजे, बाई, हे तुमसरच्या ताराचंद शेठच्या दुकानातलं, घाटावरचं नाही. म्हणून आम्ही दोघी तुमसरला निघालो.

ताराचंद शेठनं विचारलं, "किती मीटर?" आणि गोदावरीबाई माझ्याकडे पाहायला लागली. जन्मभर तिनं गोधडीसाठी कापड विकत घेतलंच नव्हतं. लुगडं घरी यायचं ते नऊवार नाहीतर सहावार, जेवढं आलं तेवढं. किती घ्यायचं हा प्रश्नच कधी पडला नाही तिला. तिनं जे जे आवडलं ते ते पाच-पाच मीटर फाडायला लावलं. मोरपंखी फुलं, पिवळे ठिपके, गुलाबी कैऱ्या. घरी येऊन पाहते तर काय, सगळंच चमकणारं, आणि त्या सगळ्यांना धरून ठेवणारं साधं कापड एक वीतही नाही. पाटावर सगळ्या नवऱ्याच, वऱ्हाडी कोणीच नाही!

पहिली गोधडी तशीच शिवली तिनं. पंधरा दिवस खपून. भंडाऱ्याची एक मास्तरीण घेऊन गेली. एका धुण्यात ती गोधडी म्हातारी झाली हो. इकडे आखडली, तिकडे फुगली, काठ गोळा झाला. मास्तरणीनं परत आणून दिली. बाईनं ती मांडीवर घेतली, बराच वेळ हात फिरवला आणि म्हणाली, "लुगडं तं आधीच आटून येते. याले कोन आटवन?"

एवढी गोष्ट होती पाहा. आमच्याकडच्या गोधडी शिवणाऱ्या बाईला कापड आटतं हे ठाऊकच नसतं, कारण तिच्या हातात येणारं लुगडं वीस वर्षं धुतलेलं असतं. जे आटायचं ते आधीच आटून गेलेलं. कोरं कापड मीटरमागे चार बोटं जातं, आणि नुसतं लांबीत नाही, पन्ह्यातही जातं. पन्हा दोन बोटं जरी गेला तरी चार पट्ट्या निघायच्या तिथे तीनच निघतात. हे ती बादलीत भिजवून, दोरीवर वाळवून, पुन्हा आपल्या हातानं मोजून शिकली. त्या दिवसांत तिच्या आंगणात रोज कापडच वाळत असायचं.

मग तिचा हात बसला. आम्ही महिन्यातून एकदा तुमसरला जायचो. डोळ्यात भरणारं कापड अर्धा मीटर, डोळ्यात न भरणारं दहा मीटर, हा तिचा पहिला कायदा. चमकणाऱ्याचे चारच तुकडे लागतात, साधं मात्र सगळीकडे लागतं. अस्तर लागेल त्याहून एक हात जास्त. आणि काठाचं कापड एकदमच घ्यायचं, मागचं-पुढचं सगळं, कारण तोच रंग दुसऱ्या थानात तसाच येत नाही, शेठनं कितीही शपथा खाल्ल्या तरी. मी एकदा एक जांभळं कापड धरून बसले, घे नं मावशी, किती सुंदर आहे. म्हणाली, "कोन्या गोदडीले?" मी म्हटलं, निघेल काहीतरी. म्हणाली, "मंग ते कापड नाई, पाहुना होय. घरात जागा धरन अन् काम नाई करन." अन् ठेवायला लावलं. तीन वर्षांत तिची लोखंडी पेटी भरली, दुसरी घेतली. क्वार्टरातल्या दोघीतिघी परत आल्या. गावातलं कोणी आलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर मनकर्णेला मोठं काम मिळालं. क्वार्टरातल्या एका मॅडमच्या मुलीचं लग्न, सासरच्या माणसांना द्यायला बारा गोधड्या, बाराही सारख्या काठाच्या. काठाचं कापड मॅडमनं ताराचंदच्या दुकानातल्या फोटोवरून पसंत केलेलं, गेरवी रंगावर बारीक पांढरी पानं. मनकर्णा नळावर उभी राहून सगळ्यांना ऐकवत होती. "मोजून चोवीस मीटर आनलं मी. गोदडीले दोन मीटर, बारा दुनी चोवीस. एक बोट वाया नाई जात. काई काई बाया उगाच पेट्या भरून ठेवतात." आणि माझ्याकडे पाहून हसली. मेली!

मी घागर तशीच ठेवून बाईकडे आले. सगळं सांगितलं. बाईनं एकच विचारलं, "भिजवलं का तिनं?"

"नाही अजून. पण मॅडम म्हणाल्या म्हणे, रंग सुटायला नको, आधी सगळं धुऊन घ्या."

बाईनं सुई कापडात खोचली. गोधडी बाजूला सारली. बोटांवर काहीतरी मोजलं. "चार पट्ट्याइच्या जागी तीनच, म्हंजे नऊ निंगतीन," ती म्हणाली. "नवाच्या वर एक नाई. तीन गोदड्या अडन तिच्या, अन् आठ मीटर कापड लागन तिले." मग ती हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं, आणि खरं सांगते, मला थोडी भीतीच वाटली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं तुमसर. "ते गेरवं, पांढऱ्या पानाचं. किती उरलं?" शेठनं थान उलगडून मोजलं, एकतीस मीटर. "पुरंच द्या." शेठ चष्म्याच्या वरून पाहत राहिला. "बाई, तुमी तं अर्धा मीटरच्या गिऱ्हाईक. येवढ्याचं काय करता?" बाई म्हणाली, "लागते." मी तिच्या कानाशी लागले, आठच अडवायचं तर एकतीस कशाला? ती म्हणाली, "आठ घेतलं तं तेवीस उरते नं दुकानात. वैर काटकसरीनं होत नाई."

ते एकतीस मीटर तिनं भिजवलं, वाळवलं, घडी केली आणि पेटीत टाकून कुलूप घातलं. किल्ली पदराला.

मग आम्ही वाट पाहिली. खोटं कशाला बोलू, मला तर फार मजा आली. मनकर्णेनं कापड भिजवलं, वाळवलं आणि कापायला बसली तर हिशेब जमेना. चार पट्ट्यांच्या जागी तीनच. तिला वाटलं दुकानदारानं फसवलं, म्हणून तुमसरला जाऊन शेठशी भांडून आली. तिथे कळलं, थान संपलं. भंडाऱ्याला गेली, मोहाडीला गेली, नागपूरला इतवारीच्या बाजारात दोन दिवस फिरली. जवळपासचं गेरवं आणून एक काठ लावूनही पाहिला. मॅडमनं गोधडी हातात घेतली अन् तिथेच परत दिली म्हणे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! एकेक खबर मी नालीपलीकडे पोहोचवत होते, आणि बाई टाके घालता घालता ऐकून घेत होती. मधेच म्हणायची, "होऊ दे. तिनं माझं नाव फाडलं. आता तिचं काम फाटू दे."

लग्नाला बारा दिवस उरले तेव्हा शेठनंच मनकर्णेला सांगितलं, कापड कोणी नेलं ते. त्या दुपारी ती आली. बाईच्या दारात उभी राहिली, आत यायची हिंमत नव्हती. तोंड उतरलेलं. मी समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत होते, सगळं ऐकू येत होतं.

"मावशी, आठ मीटर दे व. पाया पडतो."

"पाया नको पडू. आनंदाबाईच्या छपरीत सतराच्या सतरा बाया बसव. तिथं सांग, काय खोटं बोलली अन् काहून बोलली. कापड मी तिथंच घेऊन येतो."

मनकर्णा रडली. नवऱ्याचं नाव घेतलं, लेकरांचं नाव घेतलं. बाईनं दाराची कडी लावली. मला वाटलं वा, अस्सं पाहिजे!

शनिवारी सगळ्या जमल्या. तीच छपरी. गोदावरीबाई आली ती कापडाची घडी आणि कात्री घेऊन. मनकर्णा मधे उभी राहिली, खाली मान घालून म्हणाली, "मी खोटं बोलली होती. मावशीनं घाटावरून काईच नाई उचललं. मले काम पाहिजे होतं, म्हनून बोलली." बाईनं मान वर केली आणि सगळ्यांकडे पाहिलं. तीन वर्षं ज्या घटकेची वाट पाहिली ती आली होती.

आणि आनंदाबाई हसली. "अवं, येवढं सांगाले बलावलं का आमाले? ते तं आमाले तवाच माहीत होतं!"

बाईला समजलंच नाही. "काय माहीत होतं?"

"गोदडी तू मले दिवाळीले देल्ली. मंगरूची माय मेली पौषात. मंग तिच्या मयतीवरचं लुगडं दिवाळीच्या गोदडीत कसं जाईन? येवढं बी समजत नाई का आमाले?"

बाया हसल्या. एक म्हणाली, "अन् मंगरूची माय दसऱ्यालेच लुगडे वाटून राहिली होती, सारं गाव जाने." दुसरी म्हणाली, हो नं. कोणाला काहीच वाटत नव्हतं. शेंगा सोलत बसावं तशा बसल्या होत्या.

"मंग काहून फाडली?" बाईनं विचारलं. "मंग काहून नाई बोलल्या कोनी?"

आनंदाबाईनं हात झटकला. "आता साऱ्याच पाहून राहिल्या होत्या, तं पाह्यलं. कायले जुनं उकरतं, गोदावरी?"

बाई एकेकीच्या तोंडाकडे पाहत गेली. ओळीनं. सगळ्यात शेवटी माझ्यावर आली.

"तुले?" ती म्हणाली. "तुलेही माहीत होतं?"

आता इथं माझी जीभ, जी सगळ्या गावावर चालते, ती चालली नाही. मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. मंगरूच्या मायनं लुगडी दिली ती माझ्या हाती दिली होती. हिरव्या लुगड्याची घडी मी स्वतः काखेत घालून बाईकडे आणली होती, दसऱ्याच्या आधी. हळदीकुंकवाच्या दिवशी मी एक वाक्य बोलले असते तर ब्लेड तिथेच थांबलं असतं. पण तेव्हा माझ्या लेकीची, डिंपलची सोयरीक आनंदाबाईच्या भाच्याशी जुळत होती. दुसऱ्याच आठवड्यात बोलणी होती. मी तोंडात मूग गिळून बसले. आणि मग तीन वर्षं मनकर्णेला शिव्या घालत बाईच्या मागे मागे तुमसरला फिरले, जणू मी तिची बहीण.

मी मान खाली घातली. चटईच्या काड्या दिसत होत्या तेवढ्या पाहिल्या.

बाईनं माझ्यावरची नजर काढली. खाली बसली, घडी उलगडली, आपल्या हातानं मोजलं आणि कापलं. मनकर्णेच्या हातात देत म्हणाली, "हे आटलेलं हाय, सरळ काप. पुढच्या खेपेले कोरं आनशीन तं आधी भिजव, मंग मोज." शिकवलं त्या दोन वर्षांत जे बाईला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, ते आता सांगितलं. माफ केलं असं मी म्हणणार नाही, मनकर्णेशी ती आजही बोलत नाही. पण मनकर्णा निदान उभी राहून बोलली तरी होती. आम्ही सोळा जणी बसून होतो.

त्यानंतर बाईनं माझ्याशी बोलणं टाकलं असतं तर बरं झालं असतं. भांडली असती तर मीही भांडले असते, ते मला येतं. तसं काहीच केलं नाही तिनं. मी जाऊन बसले की पाणी देते, विचारलं तर उत्तर देते. गावातल्या बायांची कामं घ्यायला लागली पुन्हा. शपथ पुरी झाली होती, जुनी लुगडीही हातात धरायला लागली. मात्र एक बदललं. या तीन वर्षांत ती प्रत्येक गोधडीचा एक कोपरा उघडा ठेवायची, गिऱ्हाईकानं हात घालून आतलं पाहायचं, मग समोर बसून शिवून द्यायची. आता गावातल्यांच्या गोधड्या चारही कोपरे बंद करून येतात. आत काय आहे म्हणून विचारायची कोणाची छाती होत नाही.

आषाढात डिंपलला मुलगा झाला. बाराव्या दिवशी गोदावरीबाई गोधडी घेऊन आली. लहान, चौकोनी, गेरव्या काठाची, टाका तांदळाहूनही बारीक. सगळ्यांनी हातोहात पाहिली. डिंपल म्हणाली, "किती मऊ आहे, आई!" मी हात लावला आणि दोन बोटांत धरून चाचपली. मला कापड समजतं. कोरं कापड पाच वर्षं धुतलं तरी इतकं मऊ होत नाही. आत जुनं लुगडं होतं.

बाई निघाली तेव्हा मी दारापर्यंत गेले. हळूच विचारलं, "मावशी, आत कोणाचं आहे?"

ती पायऱ्या उतरली, चपला घातल्या, आणि माझ्या तोंडाकडे नीट पाहून म्हणाली, "उसवून पाह्य."

तीन महिने झाले. ब्लेड घरात आहे. डिंपल अंघोळीला गेली की मी गोधडी मांडीवर घेते, बोटांनी थर चाचपते, चार लागतात. दोनदा टाक्यापर्यंत ब्लेड नेलं. एकदा उसवलं की तसा टाका मला या जन्मी घालता यायचा नाही, आणि ती एक नजर टाकूनच ओळखेल. मी ब्लेड ठेवून देते आणि गोधडी पोराच्या अंगावर घालते. पोरगं दुसऱ्या कशात झोपतच नाही.